हक्काला रिचार्ज कशासाठी?

जुलै 2024 मध्ये मोबाईल कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा, 28 दिवसांचा रिचार्ज 239 रुपयांवरून 299 वर गेला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. दिवसभर उन्हात मातीकाम करून आलेल्या माणसाला रिचार्ज मारायला वरून दोन रुपये घालावे लागत होते. 2025 मध्ये मजुरी 312 झाली. 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षात 13 रिचार्ज बसतात. एका फोनचे 3,887 रुपये, घरात दोन फोन असले तर 7,774. शेतकरी कुटुंबाला पीएम किसानचे वर्षाला 6,000 मिळतात, भूमिहीन मजुराला तेही नाहीत. शिवाय मोबाईल सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे प्रत्येक 299 रुपयांतले साधारण 45 रुपये सरकारच्या तिजोरीत जातात.

हा हिशेब मी आधी मांडतो, कारण खेड्यातल्या इंटरनेटचे गोडवे गाणाऱ्यांच्या भाषणात तो कधीच नसतो. स्वस्त प्लॅन आहेत, असं मला लगेच सांगितलं जाईल. आहेत. 189 रुपयांत 28 दिवसांसाठी दोन जीबी मिळतात. पोराने अभ्यासाचे चार व्हिडिओ पाहिले आणि फोनने स्वतःहून दोन-तीन अ‍ॅप अपडेट केली की ते दोन जीबी संपतात. मग पुढचे तीन आठवडे सरकारी अ‍ॅप कशावर चालवायचं?

इंटरनेटमुळे गरिबी कमी होऊ शकते, जगात ती कमी झालेलीही आहे. आपल्याकडे मात्र राज्यकर्त्यांनी इंटरनेट गरिबाच्या गळ्यात मारलं. कचेरीचं काम त्याने करायचं, त्याचा खर्च त्याने सोसायचा आणि कचेरीची यंत्रणा बंद पडली तर शिक्षाही त्यानेच भोगायची, असा हा कारभार आहे. याला गरिबी निर्मूलन म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

या विषयावरचा कोणताही परिसंवाद ऐका, केरळच्या मच्छीमारांची गोष्ट हटकून येते. ती खरी आहे. 1997 ते 2001 या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा पोचली आणि रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या मासळी बाजारांचा अभ्यास केला. त्याचा निबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. फोन येण्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून दिली जायची आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर नाववाले समुद्रातूनच भाव विचारू लागले, तिकडे नाव वळवू लागले. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, खाणाऱ्याला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. हे सगळं साध्या, बोलण्याच्या फोनवर झालं.

दुसरी गोष्ट केनियाची. तिथे 2007 मध्ये एम-पेसा नावाची पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. शहरात राबणारा मुलगा गावाकडे आईला पैसे पाठवू लागला, तेही बटणाच्या फोनवरून. या सेवेमुळे केनियातली सुमारे 2 टक्के कुटुंबं, म्हणजे 1,94,000 घरं गरिबीतून वर आली, असं तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. नायजेरियात तर थेट मोबाईल इंटरनेटचा अभ्यास झाला. ज्या भागात ते किमान वर्षभर होतं, तिथल्या कुटुंबांचा खर्च सुमारे 6 टक्क्यांनी वाढला, अतिगरीब घरांचं प्रमाण घटलं, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे लोकांना, विशेषतः बायकांना, काम मिळू लागलं.

हे अभ्यास मी मनापासून मानतो. म्हणूनच ते आपल्या योजनांच्या समर्थनाला कुणी जुंपले की मला राहवत नाही. नीट वाचा ते. केरळच्या नाववाल्याने फोन घेतला तो स्वतःच्या धंद्यासाठी. केनियातल्या आईला रेशनचं धान्य मिळवण्यासाठी एम-पेसा सक्तीचं नव्हतं. ज्याला गरज वाटली त्याने फोन वापरला, नको वाटला त्याने ठेवून दिला, आणि न वापरणाऱ्याचा घास कुणी काढून घेतला नाही. शिवाय नाववाल्याला भाव कळल्यावर नाव वळवायची मुभा होती. आपल्या कांदा उत्पादकाला ती आहे का?

लासलगावचा भाव आज नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीवर सकाळीच मोबाईलवर येतो. 7 डिसेंबर 2023 च्या रात्री केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती बातमीही शेतकऱ्याच्या हातात त्याच मोबाईलवर तत्काळ पोचली. मग त्याने काय करायचं होतं? चाळीतला कांदा घेऊन कोणत्या बंदरावर जायचं होतं? पुढचे पाच महिने, 4 मे 2024 ला बंदी उठेपर्यंत, तो पडलेला भाव रोज फुकट, ताजा आणि अचूक वाचत बसला. बंदी उठली तीही 40 टक्के निर्यात शुल्काचं ओझं ठेवून. भाव कळणं आणि भाव मिळणं यांच्यामध्ये सरकारचं धोरण उभं आहे आणि कोणताही फोन ते ओलांडून जात नाही. शेतकऱ्याला माहिती दिली म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांनी आधी या पाच महिन्यांचा जाब द्यावा.

आता सक्तीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, 1972 च्या दुष्काळात तिने लाखो लोकांना जगवलं, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा खडी फोडायला आलेल्या बाईने हातात घण धरला आणि मस्टरवर अंगठा दिला, तेवढ्यावर तिची हजेरी लागली. 1 जानेवारी 2023 पासून केंद्राने मनरेगाच्या, म्हणजे देशभरच्या रोजगार हमीच्या, सार्वजनिक कामांवर मोबाईल अ‍ॅपची हजेरी सक्तीची केली. कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढायचा, जागेच्या नोंदीसह, आणि तो अपलोड करायचा. सकाळी लवकर येऊन खड्डे मोजून देणारी, दुपारी घरी लेकराला पाजायला जाणारी बाई आता दुसऱ्या फोटोसाठी कामावर अडकून राहते. आणि फोटो अपलोड झाला नाही तर? रोजगार सेवक म्हणतो रेंज नव्हती, पंचायत समिती म्हणते सिस्टीमवर हजेरी दिसत नाही. माती उपसलेली डोळ्यांना दिसते, खड्डा दिसतो, पण मजुरी निघत नाही.

हे सगळं चोरी थांबवण्यासाठी, असं सांगितलं गेलं. जुलै 2025 मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून कबूल केलं की अ‍ॅपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जात आहे, फोटोतली माणसं आणि मस्टरवरची माणसं जुळत नाहीत. उपाय म्हणून पुन्हा माणसांनीच हे फोटो तपासायचे ठरले. अडीच वर्षं चोराने अ‍ॅपला हसतखेळत फसवलं आणि प्रामाणिक मजूर रेंज शोधत टेकडीवर चढला. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यापैकी एकाचाही पगार या काळात फोटोअभावी कापला गेला नसेल.

शेतकऱ्याचंही तेच. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद पूर्वी तलाठ्याने करायची, ते त्याचं कामच होतं. आता शेतकऱ्याने बांधावर जाऊन, अ‍ॅप उघडून, फोटो काढून ती करायची. नोंद नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घेत नाहीत. पासष्ट वर्षांचा कोरडवाहू शेतकरी, डोळ्यांना मोतीबिंदू, हातात पोराचा जुना फोन, आणि अ‍ॅप सांगतं की तुम्ही गटापासून लांब आहात. तो स्वतःच्याच शेतात उभा असतो! नंतर मदतीला सहायक नेमले, मुदती वाढवल्या. दरवर्षी मुदतवाढ द्यावी लागते यातच सगळं आलं.

पुढे शेतकरी ओळख क्रमांक आला, पीएम किसानची ई-केवायसी आली, रेशनची ई-केवायसी आली. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. गरिबाने आपली ओळख एकदा पटवली की पुन्हा पुन्हा पटवावी लागणार नाही, हे त्या वेळचं वचन होतं. आज तोच गरीब दर योजनेसाठी, दर काही महिन्यांनी, तो तोच आहे हे पटवत फिरतो आहे.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा आदेश 18 सप्टेंबर 2025 ला निघाला. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांनी शेतं खरवडून नेली, घरांत चिखल शिरला, जनावरं वाहून गेली. मी मराठवाड्यातलाच आहे. त्या दिवसांत तालुक्याच्या एका ऑनलाइन केंद्रासमोर बायकांची रांग मी पाहिली. ओली लुगडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, कडेवर पोर. पहाटेपासून बसलेल्या, कारण साइट रात्री उशिरा किंवा पहाटेच चालते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. आमच्या शेजारच्या काकूही त्यात होत्या. नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जातात. आधारला जोडलेला नंबर त्यांनी दोन हंगामांपूर्वी कारखान्यावर असताना गमावला होता. रिचार्ज मारला नाही, सिम बंद झालं, नंबर दुसऱ्या कुणाला गेला. आता ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जात होता. काकूंनी मला विचारलं, "दादा, माझं नाव मला म्हाईत हाय, गावाला म्हाईत हाय, मग ह्या फोनला का म्हाईत न्हाई?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा तो दिवस बुडाला, दुसरा दिवस आधार केंद्रावर नंबर बदलण्यात गेला, तिसरा पुन्हा त्याच रांगेत. दर खेपेला एसटीचं भाडं, केंद्रवाल्याचे पैसे, आणि पुरात वाहून गेलेल्या घरचा कामाचा दिवस.

या ई-केवायसीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं गेलं, आणि ओटीपी त्यांच्याही मोबाईलवर. नवरा मेलेला, बापही मेलेला, अशा बाईने कुणाचा ओटीपी आणायचा होता? टाकून दिलेल्या बाईने कुणाच्या दारात जाऊन फोन मागायचा होता? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्या असं ठरलं, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा या राज्यात असतात, हे योजना आखताना एवढ्या मोठ्या मंत्रालयात एकालाही आठवलं नाही. याला तांत्रिक अडचण म्हणू नका. हा सरळ निष्काळजीपणा आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात ज्यांनी आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलं अशा बायका 24.6 टक्के होत्या, पुरुष 48.7 टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण घरातला फोन कुणाच्या खिशात असतो हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. योजना बाईच्या नावाची, ओटीपी नवऱ्याच्या हातात. तो दारू पिऊन पडला असेल किंवा पुण्याला बांधकामावर असेल, तर बाईचा हक्क त्याच्या एका फोनवर टांगलेला.

अंगणवाडी सेविकांनी तर हे सगळं पाच वर्षांपूर्वी तोंडावर सांगितलं होतं. पोषणाच्या नोंदींसाठी दिलेले मोबाईल इतके निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इतकं इंग्रजाळलेलं होतं, की ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायकांनी केलेलं ते देशातलं सर्वांत शहाणपणाचं आंदोलन होतं. त्यांचं ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. त्यानंतर 2025 मध्ये पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती आली. गरोदर बाईने शिधा नेण्याआधी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे. अंगणवाडीची सेविका तिला लहानपणापासून ओळखते, तिच्या बारशाला जेवलेली असते, पण तिची साक्ष आता चालत नाही.

गावात इंटरनेटने आपोआप काय आणलं, तेही पाहू. सावकार आणला. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021 च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांना कर्ज देणारी सुमारे 1,100 अ‍ॅप आढळली, त्यांतली 600 बेकायदा होती. पाच हजार घ्या, हातात साडेतीन पडतात, आठवड्यात पाच भरा. नाही भरले तर फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना घाणेरडे मेसेज. खासगी सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे, पण या सावकाराला गाव नाही, पत्ता नाही, चेहरा नाही.

आणि जुगार आणला. पैशाची रमी, पैशाचं क्रिकेट. नामवंत खेळाडू आणि नट जाहिरातीत येऊन खेड्यातल्या पोरांना बोलावत राहिले. बापाने बियाण्यासाठी खात्यात ठेवलेले पैसे पोराने एका रात्रीत घालवले, अशी घरं तुमच्या गावात आहेत, माझ्याही आहेत. जुलै 2025 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाईलवर रमी उघडलेली दाखवणारा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं कृषी खातं काढलं गेलं, दुसरं दिलं गेलं. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला. स्वस्त डेटा सप्टेंबर 2016 पासून वाटला जात होता. मधली नऊ वर्षं सरकारने गरिबाच्या घरात हा जुगार चालू दिला, त्यावर कर घेतला, आणि गरिबाला मात्र पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्यासाठी चार वेळा ओळख पटवायला लावली. जुगारी अ‍ॅपच्या दारात त्याला एवढं कधीच अडवलं गेलं नाही.

मला म्हणतील, हा माणूस जुन्या तलाठ्याचं राज्य परत मागतो आहे. नाही. तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी घातलेले हेलपाटे मी पाहिले आहेत, चिरीमिरी दिलेलीही पाहिली आहे. आज डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, ही चांगली गोष्ट आहे आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांचा मी ऋणी आहे. मजुरी थेट खात्यात जमा होते, हेही चांगलंच. या दोन्हींत यंत्रणेने आपलं काम सोपं करून लोकांपर्यंत आणलं. मी भांडतो आहे ते लोकांनाच यंत्रणेचा बिनपगारी कारकून करण्याविरुद्ध.

आणि हे सुधारणं अवघड नाही. फोन नसलेल्या, रेंज नसलेल्या, ओटीपी न आलेल्या माणसासाठी प्रत्येक योजनेत कागदाची वाट कायद्याने खुली ठेवा. ग्रामपंचायतीत एक माणूस बसवा, ज्याचं काम लोकांचे अर्ज भरून देणं असेल, आणि त्याचा पगार सरकारने द्यावा. सर्व्हर बंद होता या कारणाने कुणाची मजुरी, शिधा किंवा हप्ता थांबला, तर भरपाई त्या खात्याने द्यावी. हक्क नाकारला तर कारण मराठीत, लेखी, सहीनिशी द्यावं. सर्वांत स्वस्त रिचार्जवरचा 18 टक्के कर रद्द करावा. केवळ बोलण्यापुरता फोन लागणाऱ्यांनाही डेटाचे पैसे भरावे लागतात हे दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये मान्य केलं आणि कंपन्यांना फक्त बोलण्याचे प्लॅन द्यायला लावले. मग सरकारला आपल्या वाटणीचा कर सोडता येत नाही का? ग्रामीण भागातल्या दूरसंचार सेवेसाठी 2002 पासून कंपन्यांच्या महसुलावर 5 टक्के आकारणी होते, आणि कंपन्या ती ग्राहकाच्याच खिशातून भरतात. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली, मुदतीमागून मुदती उलटल्या आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिच्यासाठी पुन्हा 1.39 लाख कोटी मंजूर झाले. रेंज आधी अक्कलकुव्याच्या डोंगरात आणि भामरागडच्या जंगलात पोचवा, मग तिथल्या माणसाला अ‍ॅप दाखवा.

वाचकांपैकी जे खेड्यात राहतात त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेत, मग ती 26 जानेवारीची असो, 1 मेची किंवा 15 ऑगस्टची, हा एक ठराव मांडा: आमच्या गावात ओटीपी आला नाही, अंगठा उमटला नाही किंवा फोटो चढला नाही या कारणाने कुणाचाही शिधा, मजुरी किंवा अनुदान थांबवू नये, आणि थांबवलं तर संबंधित अधिकाऱ्याने आठ दिवसांत लेखी कारण द्यावं. ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्याची प्रत तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांना हातोहात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.